म्हशी कुठे गेल्या?

जहांगीर कलादालनात शिरण्यापूर्वी मी जवळच्या घोड्याकडे एकदा पाहून घेतो, ही माझी जुनी सवय नाही, कारण जुना घोडा मी तिथे कधी पाहिलेलाच नव्हता. ज्या पुतळ्यामुळे या भागाला काळा घोडा हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली इथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला, आणि त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे इथे घोडा नसताना टॅक्सीवाल्यांपासून वडापाववाल्यांपर्यंत सगळे या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले. २०१७ मध्ये इथे पुन्हा एक घोडा बसवला गेला, पण त्याच्या पाठीवर स्वार नाही. आधी राजासकट घोडा गेला, मग नुसते नाव उरले आणि अखेर त्या नावामागे घोडा एकटाच परत आला, ही हकिकत मला मुंबईच्या स्वभावाला फार साजेशी वाटते. त्या गुरुवारी दुपारी मात्र मी घाईत होतो आणि आत जे पाहणार होतो त्याच्याशी या घोड्याचा काही संबंध लागेल अशी मला कल्पना नव्हती.

प्रदर्शन दोघांचे मिळून होते. एक वाईकडचे निसर्गचित्रकार, दुसरे सावंतवाडीकडचे लाकडातून प्राणी कोरणारे शिल्पकार. दोघांची ओळख एका कलाशिबिरात झालेली, आणि एकत्र प्रदर्शन भरवण्यामागे कोणतेही मोठे कलाविषयक सूत्र नसून दालनाचे भाडे वाटून घेता येते हे खरे कारण आहे, असे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच हसत सांगून टाकले. १९५२ साली उघडलेल्या या वास्तूत दर मंगळवारी नवी प्रदर्शने लागतात आणि सोमवारी संध्याकाळी उतरतात. त्या एका आठवड्यासाठी चित्रकारांना काही वर्षे आधी अर्ज करून वाट पाहावी लागते. त्यामुळे इथे भिंतींवर जे लागते त्यात कलेइतकाच धीरही लागलेला असतो. कलादालनाला लागून असलेले समोवार उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झाले, तेव्हापासून चित्रे पाहून झाल्यावर ती मनात मुरवत बसण्याची सोयही गेली, हा एक वेगळाच सल आहे.

भिंतींवर चौतीस जलरंगचित्रे होती आणि मधल्या मोकळ्या जागेत पांढऱ्या चौथऱ्यांवर अकरा प्राणी. वाईचे घाट, मेणवलीचा वाडा, पाचगणीचे पठार, पावसाळ्यातले पसरणीचे वळण, एप्रिलमधली उजाड शेते, असा चित्रांचा ऐवज होता. प्राण्यांत रवंथ करणारी म्हैस, मान वळवलेला गवा, गुंडाळी करून झोपलेले खवले मांजर, एक कासव, दोन कुत्री आणि शेपटीवर बसल्यासारखे दिसणारे एक अत्यंत आगाऊ माकड. मी कोपऱ्यातल्या बाकावर जरा टेकलो आणि लोकांचे बोलणे ऐकू लागलो, तेव्हा एक गंमत ध्यानात आली. चित्रासमोर उभा राहणारा जवळजवळ प्रत्येक माणूस विचारत होता, "हे कुठलं आहे हो?" आणि शिल्पासमोर उभा राहणारा विचारत होता, "हे कोणतं लाकूड?" त्यानंतरचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता आणि तो अर्थातच हलक्या आवाजात विचारला जात होता. चित्राला गाव विचारायचे आणि शिल्पाला जात विचारायची, असा हा आपला कलास्वाद. मी हसलो खरा, पण मीही घाटाच्या चित्रासमोर गेल्यावर खालच्या चिठ्ठीत गावाचे नावच आधी शोधले.

जलरंग हे उतावळ्या माणसाचे काम नाही आणि संथ माणसाचेही नाही. कागद ओला असताना रंग कुठे पसरू द्यायचा आणि कुठे अडवायचा हे क्षणात ठरवावे लागते, आणि एकदा गडद केलेली जागा पुन्हा उजळ करता येत नाही. पाण्यावरची चमक, देवळाच्या कळसावरचे ऊन, धुतलेल्या धोतराचा पांढरेपणा, हे सगळे म्हणजे चित्रकाराने पहिल्यापासून न रंगवता राखून ठेवलेला कोरा कागद असतो. कृष्णेच्या घाटाच्या एका मोठ्या चित्रात ढोल्या गणपतीच्या देवळापुढच्या पाण्यात सकाळच्या उन्हाची एक वाकडी पट्टी होती. जवळ जाऊन पाहिले तर तिथे कागदाचा खरखरीत पोत सोडून दुसरे काहीही नव्हते. चार पावले मागे आलो की पुन्हा पाणी. डोंगरांचेही तसेच. सर्वांत जवळचा डोंगर मातकट हिरवा, त्यामागचा करडा, त्यामागचा निळसर आणि शेवटचा जवळपास आभाळातच मिसळलेला. मधल्या हवेने दूरच्या वस्तूंना निळी झाक येते हे आपण शाळेत शिकलेले असतो, पण सह्याद्रीच्या रांगा एकामागे एक उभ्या पाहिल्या की ते शिकल्यासारखे वाटत नाही, आठवल्यासारखे वाटते.

चित्रे फिरून पाहता पाहता तिसऱ्या भिंतीपाशी मला काहीतरी खटकू लागले आणि ते काय आहे हे उमगायला थोडा वेळ गेला. चौतीस चित्रांत एकही जनावर नव्हते. माणसे होती, म्हणजे घाटाच्या पायऱ्यांवर लुगड्याचा एखादा लाल फटकारा, छत्रीखालचा एक ठिपका. पण वाईच्या घाटावर सकाळी जाऊन उभे राहा आणि तुम्हाला कुत्रे दिसणार नाही, गाय दिसणार नाही, दुपारनंतर पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी दिसणार नाहीत, हे कसे शक्य आहे? उन्हाळ्यातल्या शेतांच्या चित्रात बांध होते, बाभळी होत्या, गवताची गंजी होती; ती गंजी ज्याच्यासाठी रचली तो बैल मात्र नव्हता. आणि मग मी मधल्या चौथऱ्यांकडे पाहिले, तर तिथे याच्या बरोबर उलट. म्हशीच्या खाली चिखल नाही, गव्याच्या मागे रान नाही, कासवाला पाण्याचा थेंब नाही. प्रत्येकाच्या पायाखाली पांढऱ्या रंगाची प्लायवूडची पेटी. एकाकडे जमीन होती पण जनावरे नव्हती, दुसऱ्याकडे जनावरे होती पण जमीन नव्हती, आणि दोघे एकाच दालनाचे भाडे भरत होते.

चित्रकारांना मी हे थोडे भीतभीतच विचारले, कारण चित्रात काय नाही हे चित्रकाराला विचारणे म्हणजे यजमानाला पानात काय वाढले नाही ते विचारण्यासारखे असते. "तुमच्या घाटावरच्या म्हशी कुठे गेल्या?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "जागेवर बसून काम करतो ना मी. ऊन दोन तासांत बदलतं. देऊळ हलत नाही, डोंगर हलत नाही. म्हैस पातळ रंगाच्या पहिल्या वॉशला इथे असते आणि दुसऱ्या वॉशला पलीकडच्या काठावर." मग थोडे थांबून म्हणाले, "आणि लोकांना घरात लावायला शांत चित्र हवं असतं." त्यांनी मला पुन्हा त्याच मोठ्या चित्रापाशी नेले आणि उजव्या कोपऱ्यात, पाण्याच्या काठाशी, बोट दाखवले. तिथे गडद करड्या रंगाचे दोन छोटे फटकारे होते. मी ते मघाशी पाहिले होते आणि दगड समजून सोडून दिले होते. "त्या म्हशी आहेत," ते म्हणाले. "सगळ्यांना दगड वाटतात. मीही आता दगडच म्हणतो."

आम्ही मग अबालाल रहिमान यांच्याविषयी बोलत राहिलो, कारण निसर्गचित्राच्या गप्पा महाराष्ट्रात कुठूनही सुरू झाल्या तरी कोल्हापूरला पोचतातच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून, तिथे न रमता कोल्हापूरला परतलेला हा चित्रकार कोटितीर्थ आणि रंकाळा या तळ्यांच्या काठी पुन्हा पुन्हा बसला. रंकाळ्याच्या पाण्यातल्या दगडी मंडपाचे त्यांचे 'संध्यामठ' हे चित्र आपल्याकडच्या निसर्गचित्रणाचे एक शिखर मानले जाते. शाहू महाराज १९२२ मध्ये वारले तेव्हा त्या दुःखात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे सांगतात. १९३१ मध्ये ते स्वतः गेले. आमच्या या चित्रकारांचे म्हणणे असे की, एकाच पाण्याकडे माणूस इतकी वर्षे पाहत राहिला की ते पाणी त्याला विषय उरत नाही, ते त्याचे शेजारी होते. ते स्वतः वाईच्या एकाच पायरीवर वीस वर्षे बसत आले आहेत आणि आता तिथली कुत्री त्यांना ओळखतात. ज्यांच्या चित्रात कुत्रे नाही त्यांना घाटावरची कुत्री ओळखतात, हे वाक्य मी मनात नीट घडी घालून ठेवले.

शिल्पांकडे वळलो तेव्हा पाहण्याची सगळी रीतच उलटी झाली. चित्रापासून मी मागे सरकत होतो, इथे मी नकळत पुढे झुकत होतो, आणि पुढे झुकल्यावर हात पुढे जाऊ पाहत होता. चौथऱ्यावर 'कृपया हात लावू नये' अशी पाटी होती. ती पाटी चित्रांखाली नव्हती. कारण तिथे तिची गरजच पडत नाही. लाकडाला हात लावावासा वाटतो, याचे कारण मला त्या म्हशीपाशी कळले. सागाच्या एका अखंड ओंडक्यातून ती कोरलेली होती आणि शिल्पकारांनी लाकडाच्या रेषा अशा धरल्या होत्या की, खोडाची वर्तुळे तिच्या फुगलेल्या पोटावर एकात एक उमटली होती, जणू आत चारा हळूहळू सरकतो आहे. पाठीवर गोल पटाशीचे घाव तसेच ठेवलेले, म्हणून कातडे सैल आणि जुने वाटत होते. नाकपुड्यांवर मात्र काचकागद इतका फिरवलेला की त्या ओल्या दिसत होत्या. शिंगे वेगळी करून बसवलेली होती, गडद शिसवाची. डोळे जेमतेम कोरलेले. म्हैस रवंथ करते तेव्हा ती कशाकडेही पाहत नसते, आणि हे न पाहणे लाकडात आणणे सोपे नाही.

"बसलेलीच का?" मी विचारले. अकरांपैकी सात प्राणी बसलेले किंवा झोपलेले होते.

"लाकूड उभं राहू देत नाही म्हणून," शिल्पकार म्हणाले आणि मग त्यांनी मला जे समजावले ते मी इतकी वर्षे लाकडी वस्तू वापरूनही कधी ध्यानात घेतले नव्हते. लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेने मजबूत असते आणि रेषांच्या आडवे कच्चे. बारीक आडवा तुकडा चटकन तुटतो. चार पायांवर उभा असलेला प्राणी म्हणजे चार बारीक उभे खांब आणि त्यावर एक आडवे धड. रेषा उभ्या धरल्या तर पाय टिकतात पण शेपूट, कान आणि पुढे काढलेले तोंड कच्चे राहते. रेषा आडव्या धरल्या तर धड पक्के होते आणि पाय मोडतात. म्हणून शहाणा कारागीर एक तर पाय निराळे करून बसवतो, नाही तर जनावराला बसवतो. "माझा बाप खेळणी करायचा," ते म्हणाले, "पांगाऱ्याची. पांगारा हलका, मऊ, पोराच्या हातून पडला तरी पायावर पडून लागत नाही. पण त्यात बारकावा धरत नाही, तो रंगाने आणायचा. सागात रंग लागत नाही, तिथे सगळं पटाशीने." सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे आणि बाहुल्या आपल्या घराघरांत येऊन गेलेल्या असतात, पण त्यामागे लाकडाच्या स्वभावाचा एवढा हिशेब असतो हे त्या गुळगुळीत रंगाखाली दिसत नाही.

पाय मोडतात, हे शब्द ऐकले आणि माझे लक्ष दालनातून पार उडाले.

आमचे गाव वर्धा जिल्ह्यात. पश्चिम महाराष्ट्रात बेंदराला किंवा पोळ्याला मातीचे बैल पुजतात, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, पोरांचा तान्हा पोळा भरतो आणि त्यात लाकडाचे बैल निघतात. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली हा सण सुरू केला असे सांगतात, आणि भोसल्यांच्या वाड्यातला माणसाहून उंच लाकडी बैल अजूनही नागपूरकर कौतुकाने पाहायला जातात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आजोबा खऱ्या बैलांचे खांदे तूप-हळदीने मळत आणि त्यांच्या कानाशी म्हणत, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." ते झाले की मी माझ्या वीतभर बैलाचा खांदा मळत असे आणि तेच म्हणत असे. पाडव्याला त्याच्या गळ्यात घुंगरू, शिंगांना बेगड, पाटाला चार चाके आणि दोरी; तोरणाखाली सगळ्या पोरांचे बैल रांगेत, मग कोणीतरी मोठा माणूस झडती, म्हणजे पोळ्याचे गाणे, म्हणायचा आणि आम्ही "हर बोला हर हर महादेव" असे ओरडायचो, आणि मग घरोघरी बैल ओढत नेऊन बोजारा गोळा करायचा. एका वर्षी बोजाऱ्याची चिल्लर मोजण्याच्या नादात मी बैल ओट्यावरून खाली पाडला. पुढचा डावा पाय गुडघ्यातून मोडला. आजोबांनी काही म्हटले नाही, पण त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि ते माझ्यामुळेच, असे मी ठरवून टाकले. पुढे गावच्या सुताराने तो पाय खिळा मारून जोडला. खिळा थोडा वाकडाच बसला, म्हणून तो बैल आजही चालताना जरा लंगडल्यासारखा वाटतो. वास्तविक तो चालत नाही. चाके कधीच निखळली आहेत.

हे सगळे मी त्या शिल्पकारांना का सांगितले कोण जाणे. चौथऱ्याशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला आपण कधी कधी घरच्यांना न सांगितलेले सांगतो. ते म्हणाले, "पायाचा फोटो मागवा बरं." मी दालनाबाहेर येऊन आईला फोन केला. ती म्हणाली, "अजून त्या पायाचंच घेऊन बसला का तू?" तरी तिने कपाटावरून बैल काढून, धूळ पुसून, खिडकीत धरून दोन फोटो पाठवले. शिल्पकारांनी मोबाइलवर फोटो मोठा करून, चष्मा कपाळावर सरकवून पाहिला. सागाच्या रेषा बैलाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत लांबलचक गेल्या होत्या आणि पायांतून त्या आडव्या कापल्या गेल्या होत्या. "हा पाय मोडणारच होता," ते म्हणाले. "तुम्ही नसता पाडला तर कोणी तरी पाडला असता. पण सुतार अडाणी नव्हता. त्याला मिळालेलं लाकूडच लांबट आणि कमी जाडीचं होतं. बैल आडवाच बसणार त्यात. बघा, इथे पोटाखाली जुनी खाच दिसते. कशाचा तुकडा होता हा?"

ते आईला माहीत होते. मी विचारल्यावर तिने सहज सांगितले, जणू हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायलाच हवे होते. आजोबांच्या मोठ्या बैलजोडीतला एक बैल माझ्या जन्माआधीच्या उन्हाळ्यात मेला होता. दुसरा त्यानंतर जुवाला खांदा देईना म्हणून विकला. ते जू वर्षभर गोठ्यात पडून होते. मी झालो तेव्हा आजोबांनी त्यातला एक तुकडा कापून सुताराकडे दिला. पोटाखालची खाच म्हणजे जिथे जोत बांधत ती जागा. मोडलेल्या पायाच्या रात्री आजोबा का जेवले नाहीत, याचा आता मला वेगळा अर्थ लावता येईल. पण लावायला गेलो की तो फार बरोबर बसतो, आणि म्हणून मी तो तसाच सोडून देतो. कदाचित त्यांना त्या दिवशी भूक नसेल. पुरणपोळीनंतरच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरात कोणालाच फारशी भूक नसे.

सोमवारी संध्याकाळी मी पुन्हा गेलो. चित्रकारांनी लहानसे एक पाचगणीचे चित्र माझ्यासाठी ठेवले होते, ते घ्यायचे होते. तेवढेच परवडणारे होते. दालनात उतरवाउतरवी सुरू झाली होती. भिंतींवर खिळे उरले होते, चित्रे भिंतीला टेकवून जमिनीवर ओळीने लावलेली, मधोमध बबलरॅपची गुंडाळी आणि चिकटपट्टीचा करकर आवाज. शिल्पकारांनी मला बोलावून म्हशीच्या डाव्या कुशीवरची एक बारीक चीर दाखवली. मंगळवारी ती नव्हती. बाहेरची दमट हवा आणि आतला कोरडा गारवा यांच्यात सहा दिवस काढल्यावर ओंडका तडकला होता. अखंड ओंडका सुकताना गाभ्याकडे जेवढा आकसतो त्याच्या जवळपास दुप्पट परिघाच्या दिशेने आकसतो, आणि तो ताण कुठे तरी फुटतोच; म्हणून पोट खालून पोकळ करून ठेवायचे असते, तसे त्यांनी केलेही होते, तरी चीर पडली. विकत घेणारे गृहस्थ आता काय म्हणतील याची त्यांना काळजी होती. मी म्हटले, "हात लावू का?" पाटी केव्हाच काढून झाली होती. चिरेवरून बोट फिरवले तर ती केसाएवढी होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड थंडगार.

पॅकिंगवाल्याला चौथरा हलवायचा होता म्हणून दोघांनी मिळून म्हैस उचलली आणि जवळात जवळ जिथे जागा होती तिथे जमिनीवर ठेवली. तिथे भिंतीला टेकून घाटाचे ते मोठे चित्र उभे होते, त्यामुळे म्हैस बरोबर त्याच्यासमोर आली. कृष्णेचे पाणी तिच्या पाठीच्या उंचीवर, उन्हाची वाकडी पट्टी तिच्या शिंगांच्या मधोमध. शिल्पकार बबलरॅपचा तुकडा फाडत होते, त्यांचे लक्ष नव्हते. चित्रकार हातातली दोरी तशीच ठेवून थोडे मागे सरकले, आणखी दोन पावले सरकले, डोके एका बाजूला कलते करून त्यांनी डोळे बारीक केले.

"जरा डावीकडे सरकव रे तिला," ते म्हणाले. "काठापासून लांब बसलीय."